खिळ्यावाचून मखर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा यंत्राविषयी बोलण्याचा माझा अधिकार थोडाच. परंतु गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला आपण सहा जणींनी प्लायवुडच्या सुट्या तुकड्यांचे मखर उभे केले, ते पाहून पुष्कळ जणींनी विचारले, "बाई, हे खिळ्यावाचून उभे राहते तरी कसे?" त्याचे उत्तर आज देते.

आपल्या मंडळाला स्वतःची जागा नाही. मागून घेतलेल्या खोलीच्या भिंतीला खिळा ठोकू नये, हे रास्तच आहे. पूर्वी आपण थर्मोकोल आणीत होतो. तीन दिवसांची शोभा, चौथ्या दिवशी उकिरडा! २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकबरोबर सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी घातली. मग भाड्याचे सामान आले, आणि ते बांधायला कुणाचा दीर, कुणाचा भाऊ रानातून मोकळा होतो याची वाट पाहणे आले. म्हणून आपणच उभे करू, आपणच उतरवू आणि पुढच्या वर्षी पुन्हा वापरू, असे काही हवे होते.

यातली युक्ती नवी नाही. बैलगाडीचे चाक पाहा. आरे तुंब्यात घट्ट बसवलेले असतात आणि वरून लोखंडी धाव आवळते. खिळ्यावर चाक चालत नाही. पोथी ठेवण्याची लाकडी ठवणी एकमेकींत अडकलेल्या दोन पानांवरच उभी राहते. जुन्या वाड्यांच्या खांब-तुळयाही अशाच खाचेत बसवीत.

एक फळी काठावर उभी केली तर पडते. पण एका फळीला वरून अर्ध्यापर्यंत आणि दुसरीला खालून अर्ध्यापर्यंत खाच पाडून दोन्ही आडव्या-उभ्या गुंतवल्या, की एकमेकींना सावरून उभ्या राहतात. सगळे मखर याच एका गोष्टीवर आहे. सासू-सुनेने ध्यानात ठेवावी अशीच ही गोष्ट!

साध्या सागवानी पातळ फळीला अशी खाच पाडली तर ती रेषेच्या बाजूने चिरते. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले असतात. एकाची रेषा उभी, तर पुढच्याची आडवी. म्हणून ते सहसा चिरत नाही.

तुकडे नांदेडला एका दुकानात लेसरवर कापून आणले. संगणकावर चित्र काढतात आणि प्रकाशाची बारीक तिरीप त्या रेघेवरून लाकूड जाळीत जाते. कडा काळ्या होतात, त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. मुख्य काळजी खाचेच्या रुंदीची. ती प्लायवुडच्या जाडीइतकीच हवी, आणि बाजारातले सहा मिलिमीटरचे प्लायवुड मोजले तर नेमके सहा भरतेच असे नाही. म्हणून आधी जाडी मोजावी, मग लहान तुकड्यावर निरनिराळ्या रुंदीच्या चार-पाच खाचा कापून पाहाव्यात. सैल झाली तर मखर डुलते. फार घट्ट झाली तर बसवताना तुकडा मोडतो. हाताने बसावी आणि शेवटी धुण्याच्या मोगरीने, फडके ठेवून, हलकेच ठोकावी, अशी खाच उत्तम.

अशी यंत्रे शहरापुरतीच आहेत असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. कलबाग यांनी स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने 'फॅब लॅब' सुरू झाली. खेड्यातली मुले तिथे अशा यंत्रांवर शिकतात. परदेशात तर २०११ पासून 'विकीहाऊस' नावाने प्लायवुडच्या गुंतणाऱ्या तुकड्यांची घरे उभी करण्याचे नकाशे लोकांना मोफत खुले केले आहेत. घराचे प्लायवुड जाड, म्हणून ते लेसरने नव्हे, फिरत्या पात्याच्या यंत्राने कापतात.

कुणी म्हणेल, मग आपल्या सुतारकाकांचे काय? मागे आडवी पट्टी नसेल तर मखर बाजूला कलेल, हे त्यांनीच सांगितले, आणि खालचा जड पाट त्यांनीच केला. यंत्र नुसते कापते. भार कुठे येतो हे जाणत्या माणसालाच कळते.

आता काळजीच्या गोष्टी. हे मखर आहे, माळा नव्हे. त्यावर चढू नये, मूल चढू देऊ नये. समई व निरांजन हातभर लांब ठेवावे, कारण हे लाकूडच आहे. आपल्याकडे भाद्रपदात हवा ओलसर असते आणि ओलीने खाचा फुगतात, म्हणून तुकडे भिंतीला टेकवून न ठेवता सपाट, कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ठेवावेत. वाळवीवर नजर ठेवावी. प्रत्येक तुकड्याच्या मागे आकडा घातला आहे, तो पुसू नये.

शेवटी एक विनंती. हे मखर मंडळाच्या कार्यक्रमानंतर पेटीत पडून राहू नये. महालक्ष्म्यांच्या दिवसांत ते आळीपाळीने सभासदांच्या घरी जावे, आणि पहिला मान ज्या घरी आरास करायला हाताशी कुणी नाही त्या घराला द्यावा. उभे करायला आम्ही सहा जणी येऊ. पुढच्या वर्षी त्या सहांच्या बारा व्हाव्यात, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेते.