आर्चीचा फोन : 'सैराट'मधले हैदराबाद



'सैराट'विषयी बोलताना आपण बहुधा करमाळ्याकडची विहीर, उसाचे फड आणि अजय-अतुल यांचे संगीत इथवर येऊन थांबतो. मला उत्तरार्धाबद्दल बोलायचे आहे, कारण तो आपल्या हैदराबादेत घडतो. बऱ्याच जणांना नेमका तोच भाग रेंगाळलेला वाटला, हेही मी ऐकून आहे.

नागराज मंजुळे यांनी सुमारे ४ कोटींत केलेल्या या चित्रपटाने २०१६ साली १०० कोटींचा टप्पा ओलांडला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

पूर्वार्धातली आर्ची आठवा. पाटलांची लेक, बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि मराठीत सांगितलेले कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे समोरच्याला दरडावते. त्या मराठीमागे बापाची सत्ता आणि जात उभी आहे. मासेमारी करणाऱ्या घरातल्या परश्याबरोबर ती इथे येते आणि तिची वाचाच बसते. भोवती सगळी तेलुगू. पुढे कारखान्यात काम करता करता ती तेलुगू शिकते. म्हणजे सगळे सुरळीत होते असे नाही. परश्या संशय घेतो, हातही उगारतो. पण तिचे आडनाव कुणाला काही सांगत नाही अशा वस्तीतच त्यांचा संसार उभा राहतो.

आणि मग ती आईला फोन करते. अर्थात मराठीत.

आईने घात केला असे चित्रपट कुठेही म्हणत नाही, आणि मलाही तसे वाटत नाही. तिची माया खरीच असणार. पण भाऊ येतो तो आईने दिलेल्या वस्तू घेऊन. आर्ची चहा टाकते. त्या खोलीत बोलले जाते ते इतके साधे, घरगुती, की अंगावर काटा येतो. पुढे बाळ परत येते, तेव्हा पडद्यावर आवाजच उरत नाही.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे जड जाते. परमुलखात मराठी म्हणजे माहेर, असे मी वर्गात नेहमी सांगत आलो आहे, आजही सांगतो. पण आपल्या मंडळात कुणी नवे आले की आपण आधी गाव विचारतो, लगेच आडनाव. आणि त्यावरून काय ताडायचे ते मनात ताडून घेतो. घरातून पळून आलेले एखादे जोडपे या शहरात असेल, तर ते गणेशोत्सवाला आपल्या मांडवात येण्याऐवजी शेजारच्या तेलुगू मांडवातच जात असेल, असे मला वाटते.

नव्या सभासदांच्या अर्जात आडनावाची जागा कशाला हवी, असे मी आपल्या कार्यकारिणीला विचारणार आहे. तुमचे म्हणणे आता चर्चेत ऐकायला आवडेल.