कागदाचा नंदी

श्रावण अमावास्येला पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून मुलं घरोघरी जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतात. सागवानी नंदी प्रत्येक घराला परवडतोच असं नाही. शिवाय तो विकत आणला की मुलांच्या हाताला सजावटीपलीकडे काम उरत नाही. म्हणून आज मी कागदाच्या नंदीबद्दल बोलणार आहे. छापील नमुना कापायचा, दुमडायचा, चिकटवायचा आणि नंदी उभा करायचा. छोटा भीम असो, यंत्रमानव असो की ताडोबाचा वाघ, रीत हीच.

आता आपल्या बल्लारपुरात कागदाचा विषय काढला की पेपर मिल आठवणारच. १९४५ साली इथली कागद कंपनी स्थापन झाली आणि १९७५ साली तिचं नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झालं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूचे ट्रक मिलकडे जाताना आपल्यातल्या कित्येकांनी पाहिले आहेत. या बांबूचा तंतू सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपास लांब असतो, निलगिरीच्या तंतूच्या जवळजवळ दुप्पट. मिलमध्ये लगदा धावत्या जाळीवर सोडतात, तेव्हा त्यात नव्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. जाळी पुढे धावते, पाणी खाली गळतं, आणि बरेचसे तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेने आडवे होतात. पुढे तो कागद सुकतो, कापला जातो, रिमात बांधला जातो, पण तंतूंची ती दिशा त्याच्यात कायम राहते.

कागदाचं कुठलंही पात्र करताना हीच गोष्ट सगळ्यात आधी पाहावी, असं माझं ठाम मत आहे. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ बसते. आडवी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो आणि तिथे पांढरे तंतू वर येतात. दिशा ओळखायला पैसा लागत नाही. कागदाचा लहान चौकोन कापा, कुठली बाजू कोणती ते पेन्सिलीने खुणवून ठेवा आणि एकाच अंगाला ओलं बोट फिरवा. ओले तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. त्यामुळे चौकोन नळीसारखा वळतो. ती नळी ज्या दिशेने लांब असेल, तीच तंतूंची दिशा.

कागद केवढ्या जाडीचा घ्यावा? झेरॉक्सचा साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. ए-फोर आकाराचा ताव चौरस मीटरच्या सोळाव्या हिश्श्याएवढा असतो, म्हणून ८० जीएसएमचा एक ताव बरोबर पाच ग्रॅम भरतो. त्याचा नंदी पायांवर उभा राहणार नाही. १६० ते २०० जीएसएमचा कार्डशीट घ्या. छापताना शंभर टक्के आकारातच छापून मागा. पानात बसवण्यासाठी नमुना लहान-मोठा झाला, आणि त्यातही एखादं पान वेगळ्या प्रमाणात निघालं, तर डोकं मानेवर बसत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर मशीनची शाई कोरडी भुकटी असते, ती घडीवर तडकते. म्हणून आधी रेघ दाबून घ्या, मग सावकाश दुमडा. घरच्या इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते, ती पूर्ण वाळू द्या.

रेघ दाबायला शाई संपलेलं बॉलपेन आणि लोखंडी पट्टी पुरते. घडी घालायच्या प्रत्येक रेघेवरून पेन एकदा दाबून न्या. तंतू तिथे दबतात आणि कागद त्याच रेघेवर वळतो. कोणती घडी बाहेर काढायची, म्हणजे डोंगर घडी, आणि कोणती आत घ्यायची, म्हणजे दरी घडी, हे नमुन्यावर निरनिराळ्या तुटक रेघांनी दाखवलेलं असतं. त्याची खूण पानाच्या कोपऱ्यात दिलेली असते, ती वाचल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये.

आता नंदीचं अंग. धड म्हणजे आडवी नळी. तिचा व्यास सहा सेंटिमीटर ठेवला तर घेर जवळजवळ १९ सेंटिमीटर होतो. चिकटवायची पट्टी धरूनही तो ए-फोरच्या २१ सेंटिमीटर रुंदीत बसतो. तंतू नळीच्या लांबीला समांतर हवेत, तेव्हाच ती गोल वळते. पायांचंही तसंच. तंतू उभे असले की पाय वाकत नाहीत. शिंग म्हणजे शंकू. अर्धवर्तुळ गुंडाळलं तर शंकू बुटका होतो, त्याच्या तळाची रुंदी आणि तिरकी उंची सारखीच येते. नंदीला हवं निमुळतं शिंग. त्यासाठी चार सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा आठवा हिस्सा घ्या, तळ एक सेंटिमीटरचा येतो.

खरी परीक्षा वशिंडाची. नळी आणि शंकू उलगडले की सपाट होतात, पण घुमट सपाट होत नाही. चेंडूचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही, हे जर्मन गणिती गाउस याने १८२७ साली सिद्ध केलं. म्हणून नमुन्यात वशिंडाच्या कागदाला कडेने पाचरीसारख्या खाचा असतात. खाचेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवून चिकटवल्या की सपाट तुकडा फुगून वर येतो. खाचा जितक्या जास्त, तितकी गोलाई चांगली आणि काम तितकंच नाजूक. दहा वर्षांच्या मुलासाठी सहा खाचा भरपूर आहेत.

फेव्हिकॉल थेट नळीतून लावू नका. त्यातल्या पाण्याने तंतू फुगतात आणि कागदाला लाटा येतात. रद्दीच्या तुकड्यावर थेंब काढा, टूथपिकने पातळ थर द्या आणि जोड अर्धा मिनिट चिमटीत धरा. चिकटवण्याआधी कापलेल्या पांढऱ्या कडांवरून त्याच रंगाचं स्केचपेन फिरवा. एवढ्याशा कामाने नंदी दुकानातल्यासारखा दिसतो. जोडणीच्या क्रमाबद्दल एकच सांगतो. बंद झालेल्या पेटीत बोट जात नाही. म्हणून पायांच्या पट्ट्या पोटाच्या आतून आधी चिकटवा, शेपटीचं भोक आधी पाडा, आणि मानेकडचं तोंड सगळ्यात शेवटी बंद करा. तिथला जोड डोक्याखाली झाकला जातो.

पात्र निवडताना मोह आवरावा. शंभर तुकड्यांचा योद्धा पहिल्याच वेळी घेतला की मूल अर्ध्यावर कंटाळतं. वीस तुकड्यांचा नंदी दोन संध्याकाळींत पुरा होतो.

शिक्षक मित्रहो, माझी विनंती तुम्हाला आहे. यंदा पोळ्याच्या आदल्या आठवड्यात कार्यानुभवाचा एक तास या नंदीला द्या. सुरुवात त्या ओल्या चौकोनापासून करा. आपल्या गावात तयार होणाऱ्या कागदाची दिशा मुलांना स्वतःच्या बोटांनी कळू द्या, आणि तान्ह्या पोळ्याच्या रांगेत लाकडी नंदींच्या बरोबरीने या कागदी नंदींनाही जागा द्या.