तिसरी पिन कशासाठी?

तीन पिनांचा प्लग हातात घेऊन बघा. वरची पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग खोचताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं. गिझरच्या आत वायरचं आवरण झिजून पत्र्यात वीज उतरली, तर ती या पिनेतून जमिनीकडे जाते. अर्थिंग चांगलं असेल, तर प्रवाह एकदम वाढून एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो. अर्थिंगच नसेल, तर ओल्या हातानं पत्र्याला स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून वीज वाट काढते. ही पिन कधीही तोडू नका.

आता भाराबद्दल. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेतो. साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. त्यावर गिझर लावला, तर वायर तापते, आवरण वितळतं. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं तर फारच घातक, कारण भिंतीतली वायर तीच राहते.

आणि एमसीबी वायरला जपतो. माणसाला जपण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, हवा. घरात असेल, तर त्याचं टेस्टचं बटण आजच दाबून पाहा. तो पडला नाही, तर परवानाधारक वायरमनला बोलवा.