आपली गल्ली आणि सायकल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पवनी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी भाषणाचा विषय कळविण्याची विनंती केली तेव्हा आम्ही 'सायकल' एवढेच उत्तर पाठविले. त्यावर त्यांची पुन्हा पृच्छा आली, की विवाह, शिक्षण आणि हातमाग हे नेहमीचे विषय सोडून हे काय काढलेत? आमचे म्हणणे असे, की ते तिन्ही विषय या एका शब्दात येतात. ते कसे, हे सांगण्यासाठीच आज आपणांपुढे उभे आहोत.

आपल्यापैकी ज्यांची साठी उलटून गेली आहे त्यांस आपल्या पेठेतील पाजणीची सकाळ आठवत असेल. उजाडण्यापूर्वीच गल्लीत खुंट रोवून ताणा पसरला जाई. दोन्ही अंगांनी गडी उभे राहून सुताला खळ लावीत आणि कुंचा फिरवीत पुढे सरकत. ऊन तापण्याच्या आत सूत सारखे वाळून मोकळे झाले पाहिजे, नाहीतर चिकटलेला धागा पुढे कित्येक दिवस मागावर तुटत राहावयाचा. तोपर्यंत त्या गल्लीतून बैलगाडी जात नसे. सावकाराचा छकडासुद्धा वळसा घालून जाई. त्यासाठी कोणी हुकूम काढला नव्हता, की शिपाई उभा केला नव्हता. "ताणा पडला आहे" एवढे शब्द पुरे होत. त्याच्या कडेने आम्ही मुले गोट्या खेळत असू आणि दारात बसून कांड्या भरणाऱ्या आमच्या आयांना आमच्याकडे मान वर करून पाहण्याचेही कारण पडत नसे.

पाजणी गेली, माग कमी झाले, रेशीमकाठी धोतरांचा तो काळही गेला. त्याविषयी या व्यासपीठावरून पूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे, म्हणून आम्ही ते उगाळीत नाही. परंतु ताण्याबरोबर गल्लीही आपल्या हातून गेली, हे आमच्या फारसे ध्यानात आले नाही. गतवर्षी दिवाळीच्या सुमारास ते आले. आमचा सात वर्षांचा नातू उंबरठ्यावरून खाली उतरला, एवढाच त्याचा अपराध. वेगाने आलेल्या मोटारसायकलीखाली त्याचा पाय सापडला. हाड दोन ठिकाणी मोडले. नागपूरला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली आणि आज तो चालतो, तरी किंचित लंगडतो. गाडी चालविणारा मुलगा पंधरा वर्षांचा, आपल्याच समाजातला. गाडी त्याच्या वडील भावाला लग्नात मिळालेली. दोन्ही घरची माणसे या सभेत आहेत आणि दोन्ही घरांत एकमेकांचे जाणे-येणे आहे. त्या मुलाच्या आईने आमच्या दारात बसून जे अश्रू ढाळले ते आम्ही विसरलो नाही. म्हणून येथे कोणावर दोष ठेवण्याचा आमचा हेतू नाही. दोष ठेवावयाचा तर आधी आमच्यावर ठेवला पाहिजे, कारण त्या लग्नात अक्षता टाकावयास आम्ही होतो आणि हार घातलेली ती मोटारसायकल मांडवाच्या दाराशी उभी पाहून "वा, छान!" असे आम्हीच म्हणालो होतो.

मागून घेतलेली मोटारसायकल ही १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याप्रमाणे हुंडाच ठरते, मग तिला 'भेट' म्हणा की 'हौस' म्हणा. ज्या बापाने ती दिली त्याने कर्ज काढले होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. दुसरे असे, की २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वये अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा घडल्यास त्याचा पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड अशी ती शिक्षा आहे. शिवाय गाडीची नोंदणी एक वर्षासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईतो परवाना मिळत नाही. हे आम्ही धाक घालण्यासाठी सांगत नाही. आपल्या घरांतून हे कोणी वाचलेले नसते, म्हणून सांगतो.

आता सायकलीकडे वळू. सायकल म्हणजे दारिद्र्याची खूण, अशी आपल्या तरुणांची समजूत झाली आहे. तिचा इतिहास तर नेमका उलट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीच्याच दुकानाने उद्योगाचा श्रीगणेशा केला. त्या काळी सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची चीज होती. आपल्या वडिलांच्या पिढीत ती विणकराच्या हाती आली. लुगड्यांचे गाठोडे मागे बांधून ते भिवापूर, अड्याळचे बाजार करीत. सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे. रात्री कंदील नसला किंवा डबलसीट सापडले, तर पोलीस हवा सोडून देत. भाड्याच्या सायकलीवर, मधल्या दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत आम्ही शिकलो. त्या गुडघ्यांचा व्रण आहे, पण लंगडणे नाही.

मुलींच्या बाबतीत तर सायकलीचे मोल निराळेच आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींस सायकली दिल्या जातात, त्या उगाच नव्हेत. शाळा दूर पडली की प्रथम मुलीचे नाव कमी होते, मुलाचे नाही. आमच्या पाहण्यात एक घर असे आले, की मुलीची सायकल माळ्यावर चढविलेली, कारण ट्यूब फुटली होती. आणि मुलगी घरी बसलेली, कारण सायकल माळ्यावर होती! पंक्चर काढण्यास जेवढे पैसे पडतात तेवढ्याचा चहा त्या घरी एका दुपारी पाहुण्यांस पाजला जातो.

पाय मोडल्याच्या त्या प्रसंगानंतर आम्ही काही मंडळींनी मिळून एक प्रयोग केला. पौषातल्या एका रविवारी सकाळी सहा ते नऊ आपल्या पेठेतील मुख्य गल्ली मोटारगाड्यांस बंद ठेविली. नगर परिषदेस व पोलीस ठाण्यास आधी लेखी कळविले होते. रुग्ण, वृद्ध आणि दूधवाला यांस वाट मोकळी होती. खरे सांगावयाचे तर पहिल्या तासात आम्ही चारच जण शेकोटीशी उभे होतो आणि आपले हसे होणार असे वाटू लागले होते. एका बांधवाने बांधलेली दोरी काढून गाडी आत घातलीही. त्यांची समजूत घालताना आमचा आवाज चढला, त्याबद्दल येथे जाहीर क्षमा मागतो. मग सात वाजता मुले बाहेर आली. कोणी सायकली आणल्या, कोणी गाडीची जुनी टायरे. चाळिशी उलटलेल्या तीन भगिनी आपल्या मुलींच्या सायकलीवर बसावयास शिकल्या. त्यांतील एक पडली आणि इतकी हसली, की समोरच्या घरचे म्हातारे काय झाले म्हणून काठी टेकीत बाहेर आले. आल्यावर ते गल्लीतच थांबले. पावलांनी मोजून त्यांनी दाखविले, की खुंट येथे असे, दुसरा तेथे. मुलांस त्यातले काही कळले नाही, तरी त्यांनी दोन्ही जागांवर विटा ठेवल्या आणि त्या दोन विटांमध्ये शर्यती लावल्या.

आमचे व्यापारी बंधू विचारतात, की गल्ली बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद, त्याचे काय? शंका रास्त आहे. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी साड्यांच्या आणि सराफीच्या पेढ्यांनी भरलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवून 'पादचारी दिन' पाळला आणि पुढेही ती तारीख राखली. तेथील दुकाने उघडीच होती. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यास पायी चालणाऱ्यासाठी वर्षातून एक दिवस राखावा लागावा, यातही शिकण्यासारखे आहे. मुंबईत पोलिसांनी मार्च २०२२ पासून रविवारी सकाळी काही रस्ते लोकांसाठी मोकळे करून पाहिले. दूर कोलंबिया देशाच्या राजधानीत, बोगोटा येथे, हा क्रम १९७४ पासून चालत आला आहे. तेथे रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते सायकली आणि पादचारी यांच्या स्वाधीन असतात. आम्ही तर सकाळचे तीन तास मागत आहोत, जेव्हा आपल्या पेठेतील दुकानांच्या फळ्या अद्याप लागलेल्याच असतात. वैशाखातही मागत नाही. आपल्याकडील ऊन आम्हांस ठाऊक आहे. कार्तिकापासून माघापर्यंत, महिन्यातून एक रविवार, एवढेच.

हे काही शहरांकडून उसने आणावयाचे नाही. जो गाव जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७० च्या उत्खननानंतर दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपांसाठी विद्वानांत ओळखला जाऊ लागला, त्या गावाच्या गल्ल्या मोटारीच्या मापाने आखलेल्या नाहीत. त्या माणसांच्या, बैलांच्या आणि, आपल्यापुरते बोलावयाचे तर, ताण्याच्या मापाने आहेत. करांडल्याच्या अभयारण्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या आता गावातून वाढत आहेत. त्या वाढू नयेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी मोठा रस्ता धरावा.

मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत. समाजाच्या सामुदायिक विवाहात मोटारसायकल मांडवात आणू नये. शिष्यवृत्तीच्या निधीतून थोडी रक्कम मुलींच्या सायकलींच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढावी. आणि येत्या कार्तिकापासून रविवारचा क्रम सुरू करावा. पहिल्या सूचनेस विरोध होणार, हे आम्ही जाणतो. गतवर्षी ज्यांनी गाडी घेतली त्यांस ती परत करा असे कोणी म्हणत नाही. ज्यांच्या घरी या मोसमात कार्य आहे त्यांनी तेवढा विचार करावा.

दोरी धरावयास आठ माणसे लागतात. गतवेळी चार होती, म्हणून आवाज चढवावा लागला. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी फराळापूर्वी चिटणीसांकडे नावे द्यावीत. ज्यांस ही कल्पना मान्य नसेल त्यांनीही आमच्याकडे यावे आणि कारण येथेच सांगावे. गतवर्षी ज्या बांधवाने दोरी काढली त्यांचे नाव यादीत पहिले आहे. ते त्यांनी स्वतः आज सकाळी लिहिले.