मुखत्यारपत्रापासून जनसुनवाईपर्यंत

सरकारदरबारी गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या कोणत्याही मंडळाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : तुम्ही कोण आणि कोणाच्या वतीने बोलता? प्रश्न खोचक असला तरी गैर नाही. चार शहाण्यांनी एकत्र बसून ‘जनतेची मागणी’ म्हणून कागद धाडायचा, हा प्रकार आपल्याकडे काही दुर्मीळ नाही.

पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर तिच्या नियमांतच होते. निमित्त पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. पण सभासद व्हायचे तर नुसती वर्गणी पुरत नसे. किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. कायदे करणाऱ्या मंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही हिंदी माणूस नसलेल्या त्या काळात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिनिधित्वाची ही तजवीज केली. आज नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण अहवाल दाखवणाऱ्या किती संस्थांकडे अशा पन्नास सह्या निघतील?

सह्यांच्या जोडीला सभेने माहिती उभी केली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे गावोगाव फिरली. पिके, भाव, गुरे, दुष्काळी कामांची अवस्था यांचे तपशील गोळा होऊन सरकारकडे जाऊ लागले. सरकारने दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी धाडलेल्या रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने कामावरच्या मजुराची मजुरी रोजच्या एक पौंड धान्याच्या हिशोबावर, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्यावर, आणली, तेव्हा सभेकडे नुसता संताप नव्हता. गावोगावची टिपणे होती.

पुढच्या दुष्काळात, १८९६ मध्ये, सभेची सूत्रे टिळकांच्या गटाकडे होती. कार्यकर्त्यांनी सरकारच्याच दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीतून रयतेला समजावून दिल्या. सारा तहकूब कधी होतो, काम मागायचा हक्क कोणाला आहे, एवढेच. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. सरकारला शिव्या देणारा एक वेळ चालतो. सरकारचाच नियम लोकांना वाचून दाखवणारा चालत नाही.

शंभरएक वर्षांनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवण्याचा हाच उद्योग सरकारी पैशाने सुरू झाला, हा गमतीचा भाग. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ संस्था राज्य पातळीवर समन्वयाला, जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक संघटना. पद्धत साधी. नर्सबाई गावात येतात का, आरोग्य केंद्रात औषध मिळते का, पैसे मागितले जातात का, हे गावकऱ्यांनी विचारून नोंदवायचे आणि प्रगतिपुस्तक भरायचे : चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. अक्षरओळख नसलेल्यालाही लाल रंग कळतो.

मग जनसुनवाई. समोर गावकरी, टेबलामागे आरोग्य अधिकारी. बाहेरच्या दुकानातून औषध आणायला लावलेली चिठ्ठी एखादी बाई सर्वांसमक्ष पुढे करते आणि अधिकाऱ्याला तिथल्या तिथे बोलावे लागते. मोर्चात निवेदन स्वीकारून फोटो काढून मोकळे होता येते. इथे तसे होता येत नाही. आणि हा मामला एकतर्फीही नाही. रिक्त पदे, बंद पडलेली गाडी, न आलेला औषधसाठा यांची कैफियत डॉक्टरांनाही मांडता येते. गावाला तेव्हा कळते की दोष टेबलामागच्या माणसाचा नाही, त्याच्या वरच्या फाइलीचा आहे.

यातले दुखणे मात्र झाकू नये. देखरेखीचा पैसाही सरकारच देणार असेल, तर ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती थैली राहते. निधी थांबला की नजरही थांबते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने ही परावलंबनाची गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यासगटात बाहेरच्या जाणकारांसह कायदा वाचला जातो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे, आणि खाते तो देईना. बांबू हे गौण वनोपज असल्याचे कायद्यात स्पष्ट होते. गाव त्याच ओळीवर अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. पुढच्या बांबूविक्रीचा पैसा गावाच्या खात्यात आला.

मेंढ्यासारखे सगळीकडे होईल, या भ्रमात राहण्याचे कारण नाही. लहान, एकजिनसी गावात सर्वसहमती जमते. दहा हजार वस्तीच्या गावात नाक मुरडून बसणारेच जास्त. पण ग्रामसभा त्या गावातही भरते. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतला कमी आकडा पुरतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुढे गणपूर्तीची अटच उरत नाही. मग विकास आराखडा पाच-सात जणांच्या सह्यांनी मंजूर होतो.

येत्या १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा आहेत. ज्यांचे मत गावी आहे, त्यांनी जावे. मागच्या सभेचे इतिवृत्त आधी मागून घ्यावे आणि त्यातला कोणता ठराव कुठे अडला, एवढे उभे राहून विचारावे.