कायदा झाला, नाव लागले काय?

(शेतकरी व मच्छिमार यांच्यापुढे झालेले भाषण)



“आपले शेत बरे, आपली होडी बरी, राजकारण हवे कुणाला?” असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. पण खाजनाचा बांध फुटला की खारे पाणी सरळ शेतात शिरते, आणि बांधाच्या दुरुस्तीला पैसा केव्हा सुटायचा हे कचेरीत ठरते. तुम्ही राजकारण सोडलेत तरी ते तुम्हाला सोडीत नाही.

१६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. आपण ३४,०२१ मतांनी हरलो. पण दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, याच गोव्याने भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसविले. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या गोव्यालाही कसेल त्याची जमीन आणि गावोगाव शाळा हव्याच होत्या.

१९६४ साली कूळ कायदा झाला, १९७५ साली मुंडकार कायदा. पुढे शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ पासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. पण ‘मानला गेला’ आणि ‘झाला’ यांच्यामध्ये मामलेदाराची कचेरी उभी आहे. किंमत ठरवून घ्यायची, ती भरायची, दाखला घ्यायचा, मग एक-चौदाच्या उताऱ्यावर मालक म्हणून नाव चढवायचे. ज्यांचे हे राहिले, त्यांच्या उताऱ्यावर भाटकाराचेच नाव राहिले. शेत कोण कसतो हे गावाला ठाऊक असते. कचेरीला कागद तेवढा ठाऊक असतो.

रापणकारांचेही तसेच. ट्रॉलर किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडू लागले, तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले आणि १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. पण समुद्रावर पहारा नसेल तर तो कायदा कपाटातच पडून राहतो.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, तशी मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद झाली. तेव्हा अर्ज मराठीतून करा, पोच घ्या, आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. विलीनीकरणाचे आपले मत आपल्यापाशी आहे. पण मुंबईकडे जे मागणार होतो, ते पणजीकडे मागायचे सोडून कसे चालेल? पाऊस लागण्यापूर्वी प्रत्येकाने आपला उतारा काढून पाहावा. नाव नसेल तर चार शेजारी घेऊन मामलेदाराकडे जावे. ग्रामसभेत बांधाचा प्रश्न विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. मत पाच वर्षांनी एकदा द्यायचे असते; जाब मात्र रोज विचारायचा असतो.