सोयाबीनच्या सोंगणीत परदेशाचा अर्ज
(बुलढाणा जिल्ह्यातील एका वसंत व्याख्यानमालेच्या तिसऱ्या पुष्पाचं शब्दांकन)

खामगावचा कापूस विलायतेला आधी गेला, विद्यार्थी फार मागाहून. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध चाललं, तिकडून लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. गाठी लवकर मुंबईला पोहोचाव्यात म्हणून जलंब–खामगाव हा छोटा लोहमार्ग 1870 मध्ये सुरूही झाला. पुढं माणसांनी मागितलेला खामगाव–जालना मार्ग मात्र इतक्या वर्षांनंतरही निवेदनांतून धावतोय. कापसाची निकड सरकारला चटकन कळते, पोरांची कळायला वेळ लागतो. आजचा विषय त्या उशिराचाच आहे.

परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये 13 लाख 35 हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातून त्यात सामील होण्याच्या वाटा मोजक्याच. पहिली इंजिनिअरिंगची. शेगावला 1983 मध्ये संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. अशा कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलं आधी पुण्याला जातात, तिथून जमलं तर अमेरिकेत नाहीतर जर्मनीत. दुसरी वाट डॉक्टरकीची, म्हणजे जॉर्जिया, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, रशिया. इथल्या खासगी कॉलेजची फी ऐकून घाम फुटलेला बाप तिकडचा आकडा ऐकला की सावरतो. एजंट पुढचं सगळं सांगतोच असं नाही. 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यावर वर्षाची इंटर्नशिप, आणि परतल्यावर इथली पात्रता परीक्षा. जून 2024 च्या त्या परीक्षेत पाचातला जेमतेम एक पास झाला. बाकीच्या चौघांच्या घरी काय झालं असेल, ते इथल्या पालकांना वेगळं सांगायला नको.

तिसरी वाट शिष्यवृत्तीची. ती अरुंद आहे, पण तिच्यावर या जिल्ह्याचा एक ठळक ठसा आहे.

लोणार तालुक्यातलं पिंप्री खंदारे हे राजू केंद्रे यांचं गाव. आईवडील शेतकरी, भटक्या समाजातलं घर, शाळेची पायरी ओलांडून पुढं शिकणारी ही पहिलीच पिढी. बारावीनंतर ते पुण्याला गेले. शहराचं कॉलेज, शहराची भाषा, हॉस्टेल, खर्च, कशाशीच मेळ बसेना. शेवटी पदवी मिळवली ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, आणि मेळघाटात सामाजिक काम करता करता. पुढं तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत एम. ए., मग यवतमाळ जिल्ह्यात मुख्यमंत्री ग्रामविकास फेलो. 2017 मध्ये त्यांनी ‘एकलव्य’ या संस्थेची सुरुवात केली. 2021 मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन ते लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’मध्ये दाखल झाले. 2022 च्या ‘फोर्ब्स इंडिया’च्या तिशीखालच्या तीस जणांत त्यांचं नाव होतं.

वर्तमानपत्रात अशी बातमी ‘शेतकऱ्याचा मुलगा लंडनला’ या मथळ्याखाली छापून येते आणि आपण पान उलटतो. वाचायला हवं ते मथळ्याच्या अलीकडचं. मुक्त विद्यापीठाची पदवी असली तरी लंडनच्या विद्यापीठात अर्ज करता येतो, हे लोणार तालुक्यातल्या मुलाला कोण सांगणार? घरात पैसा नसतो हे उघडच आहे, पण त्याच्याही आधी घरात सांगणारा नसतो. एकलव्यची खटपट याच ठिकाणी चालते. अर्ज कुठं करायचा, स्वतःविषयीचं निवेदन कसं लिहायचं, शिफारसपत्र कुणाकडून आणायचं, हे आधी त्या वाटेनं गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवायचं. शहरातल्या मुलाला हे सगळं चहाच्या टेबलावर मामाकडून कळतं. त्याला कुणी मार्गदर्शन म्हणत नाही, इतकं ते सहज असतं.

आता पैशाकडं वळू, कारण तेवढ्यावरच अनेकांचा विषय संपतो. ब्रिटनचा व्हिसा मागताना पहिल्या वर्षाची फी दाखवावी लागते. वर, लंडनमध्ये राहणार असाल तर महिन्याला सुमारे पंधराशे पौंड या हिशेबानं नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो, आणि तो सलग 28 दिवस तिथं पडून राहायला हवा. फी बाजूला ठेवली तरी ही रक्कम पंधरा लाखांच्या घरात जाते. 2025–26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे पंधरा लाखांना 280 क्विंटल सोयाबीन झालं. एकरी आठ क्विंटल उतारा धरा, 35 एकरांचं अख्खं पीक. तेही हमीभाव मिळाला तर, आणि बी-खत-मजुरी शून्य धरून. पाच एकरवाल्यानं हे गणित मांडायला घेतलं की पाटी तिथंच पुसतो.

मग कर्ज काढावं, तर तिथं आणखी गंमत. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. त्यापुढं सहसा तारण लागतं, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बहुतेक बँका राजी नसतात. त्यांना फ्लॅट हवा, एनए प्लॉट हवा, मुदत ठेव हवी. सातबाऱ्यावर नाव आहे, वावर उभं आहे, विहिरीला पाणी आहे, तरी बँकेच्या टेबलावर ते सगळं नसल्यातच जमा. ज्या जमिनीवर पीककर्ज मिळतं, तिच्यावर पोरीचं शिक्षण का होत नाही, हा प्रश्न एखाद्या आमदारानं सभागृहात विचारावा इतका रास्त आहे.

पापळच्या पंजाबराव देशमुखांनी 1920 मध्ये विलायत गाठली तेव्हा त्यांच्या वडिलांनी जमीन गहाण टाकल्याचं वऱ्हाडात अजून सांगतात. त्या काळी सावकाराला तरी जमीन चालत होती! एडिंबरो, ऑक्सफर्ड, बॅरिस्टरी असं सगळं उरकून पंजाबराव 1926 मध्ये परतले आणि 1932 मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली.

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की सयाजीराव गायकवाडांचं नाव येतंच. 1913 मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. मुदत संपली तशी 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. येताना जमवलेली पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती, ती बोट महायुद्धात बुडाली. 1920 मध्ये स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे एवढ्यावर ते पुन्हा लंडनला पोहोचले. तिथल्या खाणावळीचं जेवण अपुरं पडायचं, रात्री भुकेच्या वेळी ओळखीच्या माणसानं दिलेले पापड भाजून ते भूक मारत, असं चरित्रकारांनी नोंदवलंय. मोठ्या माणसांच्या चरित्रात पदव्या पाठ करण्याची आपल्याला सवय आहे. परदेशी शिकायला निघालेल्या मुलानं त्यातला तो पापड लक्षात ठेवावा.

कारण पापड आजही बॅगेत असतोच. विमानकंपनी वजन ठरवून देते, घरचे आग्रह ठरवून देतात, आणि या दोघांच्या मध्ये बॅग वजनकाट्यावर चढते. ब्रिटनमध्ये भारतातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळं आजीचं तूप आणि खव्याचे पेढे बाहेर निघतात. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कुकर आत राहतो. शेगावची कचोरी मुंबईपर्यंतच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्येच संपते. स्टेशनवर आलेली आजी एकच विचारते, “काहून जातं बाप्पा इतल्या दूर?” आणि याचं उत्तर कुठल्याही निवेदनात लिहिलेलं नसतं.

पोहोचल्यावरचे पहिले धक्के छोटे असतात. प्राध्यापकाला नावानं हाक मारायची. ‘सर’ म्हटलं तर तेच ओशाळतात. वर्गात न बोलणारा मुलगा इकडं शहाणा ठरतो, तिकडं त्यानं वाचलेलं नाही असं धरतात. आपल्याकडं गाइडमधला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला की मार्क मिळतात. तिथं तीच गोष्ट संदर्भ न देता केली तर चोरी ठरते आणि चौकशी बसते. मराठी माध्यमातल्या मुलाची खरी झुंज इंग्रजी बोलण्याशी असते असं आपण समजतो. बोलणं महिन्या-दोन महिन्यांत सुटतं. आठवड्याला दीडदोनशे पानं वाचून स्वतःचं मत मांडायचं, ते मात्र अवघड जातं, कारण बारावीपर्यंत त्याचं मत कुणी विचारलेलंच नसतं.

पोटापाण्यासाठी काम करता येतं, पण सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास. दुकानात, हॉटेलात, गोदामात. गावी ‘पोरगा लंडनला शिकतो’ म्हणून सांगणाऱ्या घराला तो रात्री भांडी विसळतो हे पुष्कळदा ठाऊक नसतं. ठाऊक होऊ नये याची काळजी तोच घेतो. खोली भाड्यानं घेताना तिथलाच जामीनदार मागतात. परक्या देशात जामीनदार आणायचा कुठून? नसेल तर महिन्यामहिन्यांचं भाडं आगाऊ मोजायची वेळ अनेकांवर आलेली आहे. आणि डिसेंबरात वेगळंच काही होतं. गावात रात्रीचे साडेनऊ वाजतात, जेवणं उरकून निजानीज होते, तेव्हा लंडनमध्ये चार वाजलेले असतात आणि सूर्य मावळलेला असतो. दुपार कधी झाली ते कळतच नाही. अशा वेळी आईचा व्हिडिओ कॉल येतो, “जेवलास का?” दोन्हीकडं अंधारच, त्यामुळं उत्तर खोटं दिलं तरी खपतं.

सरकारच्या योजना आहेत, आणि त्यांना नुसती नावं ठेवणं बरं नव्हे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 75 जागा. राज्य सरकारच्या ‘सारथी’ संस्थेच्या परदेशी शिष्यवृत्तीला महाराजा सयाजीरावांचंच नाव दिलंय. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत 125 जागा असतात. त्यांतल्या भटक्या-विमुक्तांसाठी सहा, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी मिळून चार. साऱ्या देशात चार! त्यातही 2025 मध्ये निवड झालेल्या 106 जणांपैकी पहिल्यांदा फक्त 40 जणांना पत्रं गेली, उरलेल्यांना निधी उपलब्ध झाला तर, असं कळवलं. परदेशी विद्यापीठ कुणासाठी जागा अडवून थांबत नाही. 1917 मध्ये मुदत संपली म्हणून एक विद्यार्थी परतला होता. शंभर वर्षांनंतरच्या विद्यार्थ्याला जाण्याआधीच थांबवणं शोभत नाही, एवढं स्पष्ट बोलायलाच हवं.

सभागृहात शिक्षक मंडळी बरीच दिसतात, म्हणून शेवटची विनंती त्यांनाच. 2025 मध्ये चेव्हनिंगचा अर्ज 5 ऑगस्टला उघडला आणि 7 ऑक्टोबरला बंद झाला. या दोन महिन्यांत आपल्याकडं आधी फवारणी असते आणि मग सोयाबीनची सोंगणी लागते. शिकलेलं पोरही वावरात असतं. आपल्या शाळेतून गेलेल्या, आता पदवी होऊन दोन-तीन वर्षं नोकरी केलेल्या मुलामुलींची नावं तुमच्या हजेरीपटात आहेत. येत्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या निदान एकाच्या घरी जा, आणि त्याच्या बापाला सांगा की अर्ज भरायला चार दिवस त्याला सोंगणीतून मोकळं सोडा.